पायमशीनची साथ

पडदे शिवणं हे दिसायला अगदी सरळ काम. इतकं सरळ, की कोट आणि झगे शिवणारे त्याला काम म्हणायलाच तयार नसतात. ना काखेची गोलाई, ना गळ्याचं वळण. नाकासमोर टीप मारत सुटायचं, खिडकी संपली की पडदा संपला. पडदेवालीसमोर असं कुणी बोललं की तिचं डोकं फिरायचं. "एक उभी टीप मारून दाखवा जमिनीपासून छतापर्यंत, मग बोला," ती म्हणायची. आणि खरंच होतं ते. लांब कापड स्वतःच्याच वजनाने ओढलं जातं, हात जरा इकडचा तिकडे झाला की टीप वाकते, आणि पडद्याच्या मागून उजेड येतो तेव्हा ती वाकडी टीप घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दिसते. कोटाची चूक कोटाच्या आत लपते, पडद्याची भर उजेडात लटकते.

तिचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मागची झोपायची आणि रांधायची, पुढची कामाची. पुढच्या खोलीत मोठ्या खिडकीशी काळं पायमशीन, मध्ये कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीला लावलेले गठ्ठे, आणि दोरीवर टांगलेले तयार पडदे. इतके पडदे असलेल्या या घरात तिच्या स्वतःच्या खिडकीला मात्र पडदा नव्हता. "मला उजेड लागतो," ती म्हणायची, आणि विषय संपायचा. नवरा मालाच्या ट्रकवर, निम्म्याहून जास्त दिवस रस्त्यावर. घरात ती आणि लेक.

लेकीला सगळे मुंगी म्हणत. रांगायला लागली तेव्हापासून ती टेबलाखालून भिंतीच्या कडेकडेने जायची आणि जाताना स्वतःपेक्षा मोठी चिंधी ओढत न्यायची. नाव पडलं ते पडलंच. पोर अबोल. हट्ट असा तिने आयुष्यात एकदाच केला. पडदेवाली एका बंगल्यात खिडक्यांची मापं घ्यायला गेली होती, मुंगी बरोबर होती. तिथे माळ्यावरून काढलेल्या अडगळीत लहान मुलाचं एक व्हायोलिन होतं. मुंगीने ते उचललं आणि मापं घेऊन झाली तरी खाली ठेवेना. पडदेवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बंगल्यातली बाई हसली. "राहू दे गं तिला. ज्याच्यासाठी आणलं होतं तो आता दाढी करतो."

व्हायोलिन आलं, मग शिकवायला मास्तर आले. मास्तरांनी उभी हयात नाटकाच्या थिएटरात काढलेली, रंगमंचापुढच्या खळग्यात बसून व्हायोलिन वाजवण्यात. आता थिएटर बंद, मास्तर मोकळे, पण पाठीचा ताठा तसाच. पहिल्या दिवशी जिना चढून आले, श्वास घेतला, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"बाई, ते मशीन बंद करा."

"मास्तर, संध्याकाळी एका अख्ख्या घराच्या खिडक्या द्यायच्यात. तुम्ही शिवून देता का?"

मास्तरांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मनाने हार पत्करली. "ठीक आहे. मी मोठ्याने शिकवतो."

तेव्हापासून त्या खोलीत दोन्ही कामं एकदम चालू लागली. आधी मास्तर कपाळाला आठ्या घालत. मग आठ्या गेल्या. मग तर मशीन थांबलं की तेच मान वळवून बघत, काय झालं म्हणून. मास्तर नसत तेव्हाही मुंगी टेबलाजवळ उभी राहून सराव करायची आणि पडदेवाली पाठमोरी बसून शिवायची. वर्षं गेली. व्हायोलिन बदललं, थोडं मोठं आलं, पुढे त्याहून मोठं. गाण्यातलं पडदेवालीला ओ की ठो कळत नव्हतं. तिला एवढंच कळायचं की मुंगी वाजवत असली की टीप सरळ जाते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंही नव्हतं.

आणि मग मामा आला. म्हणजे तो नेहमीच यायचा, पण त्या दिवशी येताना डोक्यात खूळ घेऊन आला. मामा पडदेवालीचा धाकटा भाऊ, वीजकामाचा कारागीर. जगातल्या सगळ्या अडचणी एक वायर ओढली की सुटतात असं त्याचं मत. बहिणीच्या मशीनला मोटर बसवून देतो म्हणून तो कित्येक वर्षं मागे लागला होता आणि ती त्याला कित्येक वर्षं उडवून लावत होती.

"ताई, ती संगीतशाळा आहे ना मोठी, तिच्या हॉलमध्ये दिवे बसवायचं काम होतं माझ्याकडे," तो दारातूनच सुरू झाला. "अगं, काय ती जागा! दरवाजे हे एवढे जाड. एका खोलीत ढोल बडवला तर शेजारच्या खोलीत मांजर झोपून राहील. आणि वीस-तीस पोरं एकदम व्हायोलिन वाजवतात, एकदम! शिडीवरून पडता पडता वाचलो मी. मुंगीला तिथे घाल."

"हिला शिकवायला मास्तर आहेत."

"मास्तर आहेत गं. पण मास्तर किती पुरणार?"

मास्तर नेमके आतच होते, थंड झालेला चहा पीत. ते म्हणाले, "त्या शाळेत मुलं बरण्यांसारखी ओळीने मांडतात. वर चिठ्ठी लावतात आणि झाकण घट्ट करतात."

"तुम्ही कधी गेलाय का आत?"

"जायची गरज नाही. बरण्या मला माहीत आहेत."

दोघांची अशी जुंपली की मुंगी व्हायोलिन पेटीत ठेवून टेबलाखाली जाऊन बसली. अकरा वर्षांची घोडी झाली होती, तरी जुनी जागा सुटली नव्हती.

शाळेचे नियम मामाने खोदून खोदून विचारून आणले होते. रोजची शाळा सुटली की थेट तिथे. शिकायचं तिथे, सरावही तिथेच, अंधार पडेपर्यंत. आणि घरची शिकवणी बंद, कारण एका हाताला दोन वळणं नकोत असा त्यांचा दंडक. म्हणजे हे किंवा ते. म्हणजे मुंगी घरी फक्त जेवायला आणि झोपायला येणार.

मुंगीचं भलं कशात आहे हे पडदेवालीला ठरवायचं होतं, पण तसा विचार करायला बसली की मध्येच ती रिकामी खोली दिसायची, खिडकीशी मशीन आणि दुसरं कुणी नाही. मग कळेनासं व्हायचं की आपण लेकीचा विचार करतोय की आपला. नवऱ्याला फोन केला. तो कुठल्याशा घाटात ट्रक थांबवून म्हणाला, "तू म्हणशील तसं. आणि माझं मत विचारशील तर मला यातलं काही कळत नाही." या माणसाचा हाच एक गुण, खोटं बोलत नाही.

शेवटी तिने मुंगीलाच विचारलं. "तुला काय वाटतं गं?"

"तू काय म्हणतेस?"

"मी तुला विचारतेय."

"हो, पण तू आधी सांग."

मुंगीचं हे नेहमीचंच. आधी आईने बोलायचं, मग हिने. पडदेवाली कातावली आणि म्हणाली, "चल, नुसतं जाऊन तर येऊ. घेतात की नाही ते तरी बघू."

संगीतशाळेचं दार खरंच जाड होतं. आतून रेक्झिनची गादी ठोकलेलं. मुंगी आत गेली, दार लागलं, आणि बाहेर बाकावर पडदेवाली आणि मामा बसले. आतलं काहीच ऐकू येईना. इतक्या वर्षांत मुंगी वाजवतेय आणि आपल्याला ऐकू येत नाही असं पहिल्यांदाच होत होतं. पडदेवालीने हातातल्या पिशवीचा बंद पिळून पिळून त्याची दोरी केली. मामा छतावरच्या दिव्यांकडे बोट दाखवून, कुठला त्याने बसवलाय ते सांगत होता.

बराच वेळ गेला. मग दार उघडलं आणि व्हायोलिनच्या मॅडम बाहेर आल्या. केस आखूड कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांचा चेहरा कोड्यात पडल्यासारखा.

"तुम्ही हिच्या आई ना? जरा आत येता?"

पडदेवाली उठून आत गेली. आत मुंगी खोलीच्या मधोमध उभी होती.

"हात चांगला तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "लयीला तर इतकी पक्की, की मी दोनदा घड्याळ लावून पाहिलं. पण मध्येच एक गोष्ट करते, ती मला उमगत नाही. तुम्हीच ऐका."

मुंगीने वाजवायला घेतलं. त्या खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता. रस्ता नाही, जिना नाही, मशीन नाही. पडदेवालीने आपल्या लेकीचं वाजवणं असं नागडं कधी ऐकलं नव्हतं. पहिली ओळ झाली, शेवटचा सूर लांबला, थांबला. आणि मग काहीच नाही. छोटीशी रिकामी जागा. मग मुंगीने पुढची ओळ उचलली. ती संपली, पुन्हा तेवढीच जागा. चुकल्यासारखी नाही, अडखळल्यासारखी नाही. कुणाला तरी वाट करून द्यावी तशी.

"ही जागा या चालीत नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी वाटलं विसरतेय. पण विसरणारं मूल असं उभं राहत नाही. ही कुणाचं तरी ऐकते आणि मग पुढे जाते. एकट्याने शिकलेल्या मुलांना हे येत नाही हो. बरोबर वाजवणाऱ्याला जागा द्यायला आमच्याकडे वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. घरी हिच्याबरोबर कोण वाजवतं?"

"कोणी नाही," पडदेवाली म्हणाली. "मास्तर शिकवतात, तेवढंच."

"आई वाजवते," मुंगी म्हणाली.

"मी? अगं काहीही काय बोलतेस! मॅडम, मी पडदे शिवते."

"तेच," मुंगी म्हणाली. यात न कळण्यासारखं काय आहे असा तिचा चेहरा. "टीप संपली की आई कापड फिरवते. मग हाताने चाक ओढते. ते खर्र होतं ना, ते झालं की मी पुढची ओळ घेते."

पायमशीन ज्यांनी चालवलंय त्यांना हे सांगायला नको. नुसता पाय दाबला तर चाक उलटं फिरतं आणि दोऱ्याचा गुंता होतो. म्हणून प्रत्येक टिपेच्या सुरुवातीला उजव्या हाताने चाक आपल्याकडे ओढायचं, आणि ते फिरू लागलं की मग पायांनी त्याला उचलून धरायचं. पडदेवालीने हे आयुष्यात किती वेळा केलं असेल याला गणती नव्हती. आणि त्या प्रत्येक वेळी तिच्या पाठीमागे एक पोर व्हायोलिनचा गज उचलून थांबलं होतं.

तिला बसावंसं वाटलं, पण खुर्ची कुठे आहे ते दिसेना. ती टीप मारताना मुंगी वाजवते, एवढंच तिला माहीत होतं. आपण दोघी मिळून काही करतोय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि त्या परक्या मॅडमसमोर तिने ते पुसलेही नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "खरं सांगू? मी हिचं नाव आत्ता घालून घेईन. तीस मुलांच्या वाद्यवृंदात असं कान देणारं एक मूल असलं की सगळा वृंद सावरतो. पण हे जर फक्त तुमच्या मशीनशीच होत असेल, तर हिला तिथून उपटायला माझा हात धजणार नाही. मग घरीच शिकू दे. मला एकदा तुमच्या घरी येऊन ऐकू द्याल?"

घरी परतताना मामा जिन्यात थांबला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, मी ती मोटर बसवली असती तर गं?"

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग पडदेवालीला हात थांबवायला लावून मुंगीला वाजवायला सांगितलं. पहिली ओळ, आणि ती रिकामी जागा. मास्तर हळूहळू गठ्ठ्यावर टेकले. "इतकी वर्षं मला वाटायचं मी एकीला ऐकतोय," ते म्हणाले. "खळग्यात जन्म काढला मी, आणि बरोबर कोण वाजवतंय ते मला कळलं नाही." त्यानंतर त्यांनी बरण्यांचं नाव काढलं नाही.

मॅडम आल्या तेव्हा दुपारचं ऊन थेट टेबलावर आलं होतं. त्यांना खुर्ची दिली, पण त्या मास्तरांशेजारी गठ्ठ्यावरच बसल्या. मामा दाराला टेकून उभा. पडदेवालीने मुद्दाम सोपं कापड घेतलं होतं, फिक्या निळ्या रंगाचं, सुळकन सरकणारं. पण बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला कुणीतरी ऐकायला आलंय. टीप बघायला लोक येतात, ऐकायला आजवर कुणी आलं नव्हतं.

तिने चाक ओढलं. खर्र झालं, पाय चालू लागले, आणि मागून मुंगीचा गज तारेवर आला. आता ती पाठमोरी असूनही ऐकत होती, पहिल्यांदा जाणून ऐकत होती. पाय जरा जड झाला की व्हायोलिन जड होत होतं. कापडाची घडी आली म्हणून तिने वेग कमी केला, तर तिकडे सूर रुंदावला. ती कडेशी पोचली, थांबली, कापड फिरवलं. सूर लांबून विरला. तिने चाक ओढलं, आणि खर्र संपतं तिथे, अगदी तिथेच, दुसरी ओळ लागली. पडदेवालीच्या छातीत काहीतरी इतकं मोठं झालं की ते मावेना. हे रोज होत होतं. या खोलीत रोज, गिऱ्हाइकांवर चिडताना आणि तुटलेल्या सुयांना शिव्या घालताना, हे आपल्या पाठीशी होत होतं.

आणि त्या भरात तिच्या हातून चूक झाली. शिकाऊ पोरगी करते ती. तिसऱ्या टिपेला तिने हात लावलाच नाही, नुसता पाय दाबला. चाक उलटं गेलं, खाली दोऱ्याचा गुंता झाला, आणि वरचा दोरा तुटला.

मागे मुंगीचा शेवटचा सूर चालू होता. तो विरायची वेळ झाली, पण तिने विरू दिला नाही. गज टोकाला पोचला, तिने तो उलटा वळवला, आणि सूर तसाच धरून ठेवला. पुन्हा टोक, पुन्हा वळण. आईचा दोरा तुटलाय, आई ओवेल, आई चाक ओढेल, मग पुढे. तिला घाई नव्हती. मॅडम पुढे वाकून बसल्या होत्या, मास्तरांचा हात हवेत राहिला होता.

पडदेवालीने दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं. सुईच्या नेढ्यापर्यंत नेलं. तिथे ती थांबली.

तिने मान वळवून पाहिलं. मुंगी खांद्यावर व्हायोलिन धरून चाकाकडे बघत होती. शांत चेहरा. ही थांबेल, पडदेवालीला कळलं. मी संध्याकाळपर्यंत ओवलं नाही तर ही संध्याकाळपर्यंत थांबेल. मी म्हातारी होईपर्यंत ही इथे उभी राहील आणि माझ्या चाकाची वाट बघेल, आणि तिला त्याचं काहीच वाटणार नाही. पोरीने जीव लावावा तर किती, आणि आपण तो किती दिवस वापरायचा?

तिने दोरा सोडून दिला. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मुंगीने चाकावरची नजर काढून आईकडे पाहिलं. गज पुन्हा वळला. पडदेवालीने मान हलवली, फक्त एवढीशी. जा.

मुंगीच्या भुवया वर गेल्या. सूर जरासा थरथरला. मग ती निघाली. तिसरी ओळ चाकावाचून लागली. आधी चाचरत, अंधारात पायरी शोधावी तशी, मग पाऊल सापडलं. ओळ संपली तशी तिची नजर सवयीने मशीनकडे गेली. पडदेवालीचे पाय पायडलवर होते, ते आपणहून हलायला बघत होते, तिने ते दाबून धरले. मुंगी थांबली नाही. चौथी ओळ तिने आईकडे बघत घेतली, आईच्या श्वासावर घेतल्यासारखी, आणि शेवटपर्यंत गेली.

दाराशी मामा रडत होता आणि ते कुणाला दिसत नाही अशी त्याची समजूत होती.

"हे मशीनशी बांधलेलं नाही," मॅडम शेवटी हळूच म्हणाल्या. "मग काय ठरवताय?"

"ठरलं की," पडदेवाली म्हणाली. "येईल ती."

मुंगीने गज खाली घेतला. "आई, दोरा का नाही ओवलास? टोक तर हातात होतं."

"ओवायला असा कितीसा वेळ लागतो गं? तू पुढे जातेस का, ते बघत होते."

मुंगीने यावर विचार केला. खिडकीतून पडलेल्या उन्हात निळं कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं, अर्धं शिवलेलं. मुंगीने ते पाहिलं आणि व्हायोलिन पुन्हा खांद्याला लावलं. या वेळी आधी आईने बोलायची वाट तिने पाहिली नाही.

"मग आता ओव," ती म्हणाली. "पडदा अर्धाच झालाय."

पडदेवालीने दोरा ओवला. डोळ्यांत पाणी असल्यामुळे तिसऱ्या खेपेला ओवला गेला, आणि तोवर सगळे थांबले. मग तिने उजवा हात उचलून चाक आपल्याकडे ओढलं, आणि मुंगीने त्याला जागा दिली.